असईच्या रणभूमीवर मेटल डिटेक्टर फिरवला तर चालेल का?

भटक्या_संभाजीनगर
मंडळी, ऑनलाइन एक साधा मेटल डिटेक्टर मागवलाय. गडांवर नेणार नाही, संरक्षित स्मारकात खोदायला बंदी असते एवढं माहीत आहे. पण जालना जिल्ह्यातलं असई म्हणजे उघडं शेतशिवार. १८०३ च्या इंग्रज-शिंदे लढाईतल्या गोळ्या, बटणं अजून वर येतात म्हणे. सोयाबीन निघालं की जायचं ठरवतोय. कुणी फिरवलाय का तिकडे? विकायचं काही नाही, घरी शोकेसमध्ये ठेवायचंय.

तोफखाना
भारी! मॉडेल कोणतं? मिळालं की फोटो टाक.

केळणाकाठ
फोटोचं नंतर बघू. माझं शेत त्याच पट्ट्यात आहे, म्हणून लिहितोय.

आधी मशीनचं. आपली काळी जमीन बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे कण भरलेले. स्वस्तातलं मशीन पावलोपावली किंचाळतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन त्या मातीशी जुळवून घेणं, करता येत नसेल तर दिवसभर खड्डे काढाल आणि हाती येईल वखराची पास, नाहीतर बैलाची झिजलेली पत्री.

समजा, गोळी लागलीच. शिशाची गोळी जमिनीत राहून पांढुरकी पडते. इंग्रजी बंदुकीची असेल तर साधारण १७-१८ मिलिमीटरची. ती गोल राहिली असेल तर बहुधा उडालीच नाही, भरताना शिपायाच्या हातून पडली. चपटी असेल तर कशावर तरी आदळली. म्हणजे गोल गोळ्या जिथे दाट, तिथे पलटण उभी होती. आणि हे कळतं ते गोळी कुठे पडली होती त्यावरून! शोकेसमध्ये गेली की ते नुसतं शिसं.

असईत तर याला फारच किंमत आहे. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली केळणा नदी उतरून बगलेवर आला, तेव्हा शिंद्यांच्या कवायती पायदळाने, जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या पोलमनच्या हुकमाखाली, जागच्या जागी तोंड फिरवून नदीपासून असई गावापर्यंत नवी फळी धरली. समोर शत्रू असताना असं वळणं सोपं नाही, पण आपल्याकडे त्याचं कौतुक कुणी करत नाही. लढाई इंग्रजांनी जिंकली, तरी त्यांची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. ती फळी आजच्या कोणकोणत्या गटातून गेली, हे सांगणार तर ही मातीच.

मशीनशी माझं वैर नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या जुन्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणव्याने गवत जळून माळ उघडा पडला. पुढच्या वर्षी पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टरवाले हौशी लोक सोबत घेऊनच तो पिंजून काढला. आवाज आला की झेंडी रोवायची, जागा मोजायची, मगच वस्तू उचलायची. काडतुसांवरच्या खुणांवरून एकच बंदूक माळावर कुठून कुठे सरकली, तेही त्यांनी काढलं. आणि आपल्याकडे? २०२५ मध्ये सिनेमा बघून लोक रात्री टॉर्च घेऊन मध्य प्रदेशातल्या असीरगडाजवळच्या शेतांत मोहरा उकरत होते.

भटक्या_संभाजीनगर
पटलं. पण तुमच्याच शेतात, तुमच्या परवानगीने फिरवला तर? आणि नांगरताना काही वर आलं तर तुम्ही काय करता?

केळणाकाठ
परवानगी देणार नाही, राग मानू नका. एकाला दिली की रांग लागते, आणि खड्डे बुजवायला मीच.

कायद्याचं म्हणाल तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर काय, कुठे, कधी हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दडवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे दहा रुपये १८७८ चेच बरं का, आज त्यात धड चहा येत नाही! शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावस्तू ठरते, ती देशाबाहेर पाठवायला बंदी. मी वस्तू उचलायच्या आधी जागेवरच मोबाइलवर फोटो काढतो, लोकेशन टिपतो आणि तहसीलला अर्ज देतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. लोखंडी गोळ्याला भोक दिसलं तर तो पोकळ असतो, आत दारू असू शकते. घासायचा नाही, हलवायचा नाही. पोलिसांना फोन करायचा.

यायचं तर मशीन घरी ठेवून या. पिंपळगावच्या नदीउतारापासून असईपर्यंत पायी फिरवतो. फक्त चिखल वाळू द्या, ओल्या काळ्या मातीत बूट रुतून बसतात.

तोफखाना
मीपण येतो. जेवायचं काय?

केळणाकाठ
भाकरी-ठेचा मिळेल. किती जण ते आदल्या दिवशी कळवा.