पेशीतला तेलाचा थेंब: कणगी की शोषखड्डा?

तैलबिंदू:
चरबी म्हणजे राखीव इंधन, एवढंच शाळेत शिकलो. आता उलटं वाटायला लागलंय. पेशीतले मेदबिंदू आधी बचावासाठी आले असावेत, साठवण मागाहून जमली.

सुटी मेदाम्लं साबणासारखी असतात, पेशीची पटलं विस्कटतात. तीन-तीन मेदाम्लं ग्लिसेरॉलला बांधून ट्रायग्लिसराइड केलं की ती गप्प बसतात. हे तेल आंतरद्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) पटलाच्या दोन पदरांमध्ये साचतं, फुगतं आणि बाहेर निघताना एकच पदर पांघरून येतं.

पुरावा यीस्टचा. मेदबिंदू बनवणारी चारही जनुकं काढली तरी ते नेहमीच्या खाद्यावर वाढतं. ओलेइक आम्ल हे मेदाम्ल पाजलं की मात्र मरतं. कणगी नाही म्हणून मेलं नाही, शोषखड्डा नाही म्हणून मेलं.

गावरान वाण:
प्रयोगशाळेतलं यीस्ट म्हणजे अधिक महिन्यातला जावई. रोज आयतं ताट! त्याला कणगी कशाला आठवेल? उपाशी जिवांकडे बघा. ऱ्होडोकॉकस ओपॅकस हा मातीतला जिवाणू नायट्रोजन संपला आणि कार्बन मुबलक असला की कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल साठवतो. क्षयाचा जिवाणूसुद्धा सुप्त होताना हीच तजवीज करतो. ग्रॅमभर मेदात ९ किलोकॅलरी, पिष्टमय पदार्थात ४. शिवाय ग्लायकोजेन, म्हणजे पेशीतला साखरेचा साठा, पाणी धरून बसतं, त्याचं ओझं वेगळं.

तैलबिंदू:
नायट्रोजन संपला म्हणजे वाढ थांबली. कार्बन तरी येतोच आहे, त्याचं करायचं काय? मला तर हाही तुंबलेल्या मोरीचाच प्रकार दिसतो.

दाणेकूट:
मोरीत टाकलेलं कोणी परत काढून वापरत नाही हो. रात्रभर भिजवलेले शेंगदाणे पाणी घालून मिक्सरमधून काढा. पांढरं दूध होतं, पण तेलाचा तवंग सुटत नाही. दाण्यात जवळपास निम्मं तेल, ते जातं कुठे? त्याच्या प्रत्येक बारीक थेंबावर ओलिओसिन या प्रथिनाचं अस्तर असतं, ते थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. बारीक थेंब म्हणजे पृष्ठभाग जास्त, कोंब फुटताना लायपेज या विकराला तेल फोडायला भरपूर जागा. नुसतं डांबून ठेवायचं असतं तर एक मोठा गोळा पुरला असता.

तैलबिंदू:
बियांपुरतं मान्य. पण तो एक मोठा गोळा आपल्या अंगात आहेच की! पांढऱ्या मेदपेशीत एकच टपोरा थेंब, केंद्रक बिचारं कडेला दाबलेलं.

गावरान वाण:
ती मुदत ठेव आहे, रोज मोडायची नसते. तपकिरी मेदपेशीत ऊब द्यायला लगेच जाळावं लागतं, तिथे थेंब बारीक आणि पुष्कळ. खातं पाहून मांडणी बदलते, शोषखड्ड्याला कसली आलीय मांडणी?

रात्रपाळी:
रुग्णांच्या बाजूने सांगते. सेइपिन हे थेंब घडवायला मदत करणारं प्रथिन. त्यातल्या जन्मजात दोषात बाळाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, पण यकृत मेदाने भरतं, इन्सुलिनला शरीर दाद देत नाही आणि पुढे मधुमेह. उपासमारीने नव्हे, मेद भलतीकडे गेल्याने हाल होतात. इथे मी तैलबिंदूंच्या बाजूची.

 

दाणेकूट:
यात तिसराच भिडू आणतो. फळमाशीच्या अंड्यात याच थेंबांवर हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती प्रथिनं, चिकटवून ठेवलेली असतात. भ्रूणाला लागतील तशी वापरायची, आणि जिवाणू घुसले तर तीच त्यांना मारतात.

गावरान वाण:
म्हणजे कणगीवर नागोबाही बसलाय!

तैलबिंदू:
नागोबा मान्य. ओलेइक आम्लाने मेलेल्या यीस्टचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.