जुना लॅपटॉप टीव्हीला जोडायचाय, सल्ला हवा (बजेट १५००)

कराडकरीण
नमस्कार मंडळी. आईबाबा कराडला, मी नोकरीसाठी पुण्यात. आईचा रोज संध्याकाळी पाचला झूमवर गीतेचा वर्ग असतो, सध्या पंधरावा अध्याय चालू आहे. शिकवणाऱ्या ताई पीडीएफ दाखवतात आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतात. लॅपटॉपवर आईला अक्षरं बारीक दिसतात, वाकून बसते, मग रात्री मान धरते. टीव्हीवर घेतलं तर बरं पडेल असं वाटतंय.

टीव्ही ३२ इंची, साधा एलईडी, स्मार्ट नाही. मागे दोन एचडीएमआय, त्यातल्या एकात सेटटॉप बॉक्स. लॅपटॉप माझाच जुना, विंडोज १०, एचडीएमआय आहे. पलंग ते टीव्ही दहाएक फूट.

बजेट १५००. कृपया नवीन टीव्ही सुचवू नये.

बोरिवली_फास्ट
नवीन टीव्हीच घ्या. आम्ही मागच्या सेलमध्ये ४३ इंची ४के घेतला, कार्डावर सूट धरून तेवीस हजारांत पडला. विंडोजची खूण आणि के एकदम दाबलं की लॅपटॉप थेट टीव्हीवर, वायर नाही काही नाही. भिंतीवर काय दिसतो म्हणून सांगू!

खडूस_आजोबा
शेवटची ओळ वाचून उत्तर द्यायची पद्धत बंद झाली वाटतं.

तात्या_टेक
क्रोमकास्ट घ्या, लॅपटॉपचं चित्र वायरीविना टीव्हीवर आणणारं गूगलचं छोटं यंत्र. टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचा, घरच्या वायफायला जोडा, क्रोम ब्राउझरमध्ये तीन टिंबांखाली 'कास्ट'. विषय संपला. २०१३ पासून वापरतोय. वायरी ओढायचे दिवस गेले.

सॅन_होजे_शऱ्या
तात्या, गूगलने क्रोमकास्ट बनवणं ऑगस्ट २०२४ मध्येच बंद केलं. दुकानात असेल तो उरलेला माल. आणि मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे जगभर एकदम आडवे झाले होते, आठवतंय का? आमच्याकडे ऐन वीकेंडला पाहुणे जमले होते.

तात्या_टेक
माझा चालू होता.

सॅन_होजे_शऱ्या
म्हणजे तुमचा पहिल्या पिढीचा असेल.

मीनल_ताई
वायरलेसच्या नादी लागू नका हो. आमच्याकडे एक स्टिक आणली (कंपनीचं नाव घेत नाही), सिनेमाला ठीक, पण लॅपटॉप दाखवायला घेतला की माऊस इकडे हलवायचा आणि बाण टीव्हीवर मागून येणार. नणंदेशी व्हिडिओ कॉल लावला तर आवाज आधी, ओठ नंतर. सासूबाई म्हणाल्या, ही मुलगी बोलतेय का डबिंग करतेय? राउटर आतल्या खोलीत असेल तर बघायलाच नको.

वायरमन_अण्णा
ताई, दहा फूट म्हणता ते कशाला मोजलं? वर्गाला आईंचा चेहरा दिसायला पाहिजे का नको? कॅमेरा लॅपटॉपवर आहे. तो पलंगावर ठेवून आई टीव्हीकडे बघणार म्हणजे कॅमेऱ्यात त्यांचा कान येणार. लॅपटॉप टीव्हीखालीच ठेवा, तोंड पलंगाकडे. मग दीड मीटर केबल लई झाली, दोन-तीनशेला मिळते. उरलेल्या पैशात वायरलेस माऊस.

आता जोडल्यावर काय होतं ते ऐका, रोज ही कामं करतो.

एक, विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' करा. 'एक्स्टेंड' राहिलं तर टीव्हीवर नुसता निळा पडदा दिसतो आणि झूम लॅपटॉपवरच. गिऱ्हाइकाचा फोन येतो, टीव्ही बिघडला म्हणून.

दोन, आवाज. खाली घड्याळाजवळ स्पीकरच्या खुणेवर टिचकी मारून टीव्हीचं नाव निवडायचं. झूमच्या सेटिंगमध्ये स्पीकर वेगळा निवडलेला असला तर तिथंही बदला. माईक लॅपटॉपचाच ठेवा.

तीन, कडा कापल्या जातात. वरची ओळ अर्धी, खालची पट्टी गायब. हे लॅपटॉपवर दुरुस्त करायचं नाही, टीव्हीच्या रिमोटवर 'पिक्चर साइझ'मध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट असलं काहीतरी असतं, ते लावा. टीव्हीत 'गेम मोड' असला तर तोही लावा, आवाज आणि चित्र जवळ येतं.

आणि चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी घराची अर्थिंग तपासा. डिशची वायर, टीव्ही, लॅपटॉप सगळं एकमेकाला जोडलं जातं. केबल दोन्ही यंत्रं बंद करून खोचा.

चिकूपिकू
अण्णांना +१. फक्त केबल चांगली घ्या, सोन्याचा मुलामा असलेली. मी साडेबाविसशेची घेतली, रंग काय उठून दिसतात!

खडूस_आजोबा
केबलमधून शून्य आणि एक जातात. ते पोचले तर पूर्ण पोचतात, नाहीतर पडदा चमकतो, ठिपके पडतात किंवा काळा होतो. रंग केबलच्या किमतीने उठत नाहीत.

चिकूपिकू
तुम्ही आमच्याकडे येऊन बघा मग बोला.

खडूस_आजोबा
चहा असेल तर येतो. बाकी दोन मीटरला आणि साध्या टीव्हीला कुठलीही धड केबल चालते. पंचवीस-तीस फुटांच्या पुढे ४के न्यायचं असेल तर केबलचा विचार करावा.

पेंग्विनप्रेमी
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका, नव्यासारखा पळेल. माझे वडील ७४ वर्षांचे, आरामात वापरतात.

मीनल_ताई
वडील वापरतात का तुम्ही आठवड्याला जाऊन वापरून देता?

पेंग्विनप्रेमी
दोन्ही.

बोरिवली_फास्ट
अवांतर: झूम फुकटात चाळीस मिनिटांनी बंद पडतं ना? पाच ते सहा वर्ग कसा चालतो?

कराडकरीण
बंद पडतं. ताई परत त्याच लिंकवर बोलावतात आणि आई मला ऑफिसात फोन करते, "गेलं गं सगळं." रोज पाच चाळीसला. माझ्या मॅनेजरलासुद्धा आता वेळ पाठ झाली आहे.

सगळ्यांचे आभार. या रविवारी कराडला जाऊन शेजारच्यांची केबल आणून अण्णांनी सांगितलं तसं करून बघितलं. चित्र आलं, आवाज आला, कडाही बसल्या. पण अक्षरं धुरकट. अनुस्वार आणि रफार तर ओळखू येईनात, "ऊर्ध्वमूलम्"पाशीच गाडी अडली. लॅपटॉपवर तीच पीडीएफ स्वच्छ दिसते.

वायरमन_अण्णा
टीव्ही 'एचडी रेडी' असणार. त्याच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ एवढेच ठिपके असतात बहुतेक. लॅपटॉप त्याला १९२० बाय १०८० पाठवतो, टीव्ही ते चेपून बसवतो, अक्षर फुटतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीसाठी १३६० बाय ७६८ नाहीतर १३६६ बाय ७६८ मिळतं का बघा. टीव्हीची शार्पनेसही शून्याकडं आणा, अक्षरांच्या कडेची पांढरी रेघ जाईल. आणि झूममध्ये पीडीएफ मोठी करून घ्या.

तात्या_टेक
कास्ट केलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

खडूस_आजोबा
पडद्यावर ठिपकेच नाहीत तर कास्टिंग ते कुठून आणणार, तात्या?

सॅन_होजे_शऱ्या
अण्णांचं बरोबर आहे. विंडोजच्या स्केलिंगमध्ये (अक्षरं, खुणा मोठ्या करायची सोय) १५०% ठेवून बघा. मी आमच्या ८५ इंचीवर तसंच ठेवलंय.

मीनल_ताई
८५ इंची! बरं बरं.

कराडकरीण
१३६० बाय ७६८ केल्यावर खरंच फरक पडला, अण्णा. धन्यवाद. पण दुसरीच अडचण निघाली. सोमवारी पाचला आई टीव्हीपुढे बसली आणि बाबा रिमोट घेऊन आले. त्यांच्या बातम्या पाचला सुरू होतात. दहा मिनिटं सेटटॉप बॉक्स, दहा मिनिटं गीता, असा खेळ चालला. मंगळवारी आई परत लॅपटॉपवर वाकून बसली.

त्यामुळे टीव्हीचा नादच सोडला. पुण्यात ऑफिसजवळच्या दुरुस्तीवाल्याकडून २२ इंची जुना मॉनिटर घेतला, फुल एचडी, एचडीएमआय असलेला, अठराशेला. आतल्या खोलीत टेबलावर ठेवलाय, आई खुर्चीत हातभर अंतरावर बसते. लॅपटॉप शेजारी उघडा, कॅमेरा समोर. मॉनिटरला स्पीकर नाही, आवाज लॅपटॉपचाच. अनुस्वार दिसतात.

चिकूपिकू
अहो पण मग टीव्हीवर घ्यायचं होतं ना?

बोरिवली_फास्ट
बजेट १५०० म्हणाला होतात. अठराशे घालवायचेच होते तर अजून थोडे घालून…

खडूस_आजोबा
हो, एकवीस हजार दोनशे घालून तुमचा टीव्ही येतो.

पेंग्विनप्रेमी
जुन्या मॉनिटरचं पॅनेल कोणतं आहे? टीएन (जुन्या स्वस्त प्रकारचं) असेल तर बाजूने बघितल्यावर रंग उडतात. लिनक्सवर त्याला रंगांचं प्रोफाइल लावता येतं.

वायरमन_अण्णा
बरं केलं ताई. घेताना पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून मेलेले ठिपके बघितले होते ना? आणि बाबांना सांगा, केबल टीव्हीला तशीच राहू दे. लग्नाचे फोटो बघायला उपयोगी पडती.

कराडकरीण
बघितले होते, एक ठिपका आहे कोपऱ्यात. आई म्हणते, असू दे, दृष्ट लागायला नको. केबल शेजाऱ्यांची होती, परत दिली. ते पाच चाळीसचं लिंकचं कुणाला जमवता येतं का? तेवढं राहिलंय.

तात्या_टेक
झूमच्या लिंकचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा, मोठ्ठा. उजवी टिचकी, न्यू, शॉर्टकट, तिथे लिंक चिकटवायची, नाव द्यायचं "गीता". गेलं की त्यावर दोनदा टिचकी. माझ्या मावशीला असंच करून दिलंय.

कराडकरीण
हे भारी आहे तात्या! आज रात्री फोनवर आईकडून करून घेते.

नवा_सभासद_कोल्हापूर
धागा पूर्ण वाचला नाही, पण माझ्याकडे मॅकबुक आहे आणि २०१२ चा टीव्ही. वायरलेस होईल का? बजेट ५००.

बोरिवली_फास्ट
नवीन टीव्हीच घ्या.