रोमला सात रात्री, आम्ही दोघंच. जास्त होतात का?

सातपूरकर_निवृत्त
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालो. मार्चमध्ये लग्नाला ३५ वर्षं होतील. मुलाने विचारलं, कुठे पाठवू? मी केरळ म्हणणार तेवढ्यात ही म्हणाली, रोम. शाळेत इतिहास शिकवायची, तेव्हापासून डोक्यात बसलंय.

टूरवाल्यांकडे जाऊन आलो. दहा दिवसांत सहा देश, त्यात रोम दीड दिवस. हिने कागद तिथेच परत केला. "ब्रह्मगिरीच्या फेरीला अख्खा दिवस जातो आणि रोम दीड दिवसात?" त्या पोराला काही बोलता येईना.

तर आता एकच शहर, सात रात्री, बरोबर कोणी नाही. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. इंग्रजी कंपनीत चालायचं तेवढं. मला भीती ही की चौथ्या दिवशी आम्ही खोलीत बसून एकमेकांची तोंडं बघणार. जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा.

द्वारका_सर्कल
काका, एवढा पैसा घालून एकच गाव? आम्ही ९ दिवसांत ५ देश केले. सगळं बसमधून, सामान उचलायला नाही, रोज रात्री पंजाबी जेवण. आता फोटो बघताना कुठला देश यावर बायकोचं नि माझं एकमत होत नाही, ते सोडा.

गंगापूर_रोडवाली
भाऊ, वहिनींचं ऐका. २०२५ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं सात रात्री राहून आलो. शेवटच्या दिवशी आमचे हे म्हणाले, अजून दोन दिवस हवे होते. हे म्हणजे सख्ख्या पुतण्याच्या लग्नातून दुपारी झोपायला घरी येणारे गृहस्थ.

ते वर्ष ज्युबिलीचं, म्हणजे कॅथलिकांच्या पवित्र यात्रेचं होतं. दर २५ वर्षांनी येतं, पोपच्या सेंट पीटर्स चर्चचं एरवी बंद असलेलं पवित्र दार तेव्हा उघडतात. क्रूस घेतलेले भाविकांचे जथे रस्त्यारस्त्याने चाललेले. लोकांनी गर्दीची फार भीती घातली होती. सिंहस्थात रामकुंडाशी उभं राहिलेल्याला ती गर्दी काय वाटणार!

आम्ही टेस्टाचो भागात खोली घेतली, स्वयंपाकाचा ओटा असलेली. जवळ भाजीबाजार, मेट्रो चालत. तिथे एक टेकडी आहे ती निव्वळ फुटक्या खापरांची. जुन्या काळी जहाजाने ऑलिव्ह तेल यायचं, रिकामे रांजण फोडून तिथे रचायचे. साठत साठत ३५ मीटर उंच झाली. आम्ही एकच चूक केली, लिफ्टचं विचारलं नाही. तिसरा मजला, ७४ पायऱ्या. मी मोजल्यात. तुमच्या गुडघ्यासाठी हे आधी लिहून घ्या.

आमचा दिवस असा असायचा: सकाळी एकच ठिकाण, दुपारी घरी वरणभात आणि झोप, संध्याकाळी नुसतं भटकणं. कोलोझियम, फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि शेजारची पॅलेटाइन टेकडी एकाच तिकिटात येतात. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. फोरममध्ये सावली कमी आणि रस्ता उंचसखल दगडांचा. गावातल्या गल्ल्यांतही काळ्या लाव्हाचे चौकोनी ठोकळे बसवलेत, त्यामुळे नवे बूट तिथे जाऊन घालू नका, महिनाभर आधी जॉगिंग ट्रॅकवर मळवा.

पँथिऑन हे घुमटाचं जुनं रोमन देऊळ मात्र पाऊस चालू असताना बघा. घुमटाला मधोमध जवळजवळ नऊ मीटर रुंद भोक आहे, वर काच नाही. पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. हेड्रियन सम्राटाच्या वेळचं, दुसऱ्या शतकातलं. आपल्या पांडवलेण्यांत सातवाहनांचे लेख साधारण त्याच शतकात कोरले गेले, हे यांनी तिथे शेजारच्या जपानी बाईंना समजावून सांगितलं. मराठीत. त्या माना डोलावत होत्या.

आता मुख्य गोष्ट. पियात्झा नवोना म्हणून लांबोडका चौक आहे, त्याच्या मधोमध बेर्निनी या शिल्पकाराचं चार नद्यांचं कारंजं, १६५१ चं. चार खंडांच्या चार नद्या: नाईल, डॅन्यूब, दक्षिण अमेरिकेतली प्लाता, आणि आशियाची म्हणून आपली गंगा! आपण नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो, त्यामुळे मी धावतच गेले, गंगेवर निघाल्यासारखी. तर काय, तिथली गंगा म्हणजे दाढीवाला उघडाबंब बाप्या! हातात भलंमोठं वल्हं, नदीतून नावा चालतात म्हणून. शेजारच्या नाईलचं डोकं फडक्याने झाकलंय, कारण तिचा उगम तेव्हा त्यांना ठाऊक नव्हता. मी कारंज्याच्या तीन फेऱ्या मारल्या. गंगामाईला दाढी, हे काही पचेना. शेवटी पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली, तर ह्यांनी हात धरला, "अगं, दंड होईल!" लांबूनच नमस्कार केला. पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही तिथेच जाऊन बसलो. टूरच्या दीड दिवसात हे कसं जमावं?

दंडावरून आठवलं. बसचं कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही, आत चढल्यावर यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. ह्यांनी ते खिशात जपून ठेवलं आणि तपासनीस आला. दीड युरोच्या तिकिटापायी पन्नासच्या वर युरो गेले. मेट्रोला बँकेचं कार्ड टेकवलं की काम होतं, तेच बरं. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायलाही २०१९ पासून बंदी आहे. टेकायचा मोह होतो, पण शिट्टी वाजते.

पाणी विकत घेऊ नका. गल्लोगल्ली लोखंडी नळ आहेत, त्यांना नासोनी म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकाचे. १८७४ पासून बसवत आलेत. पाणी चोवीस तास वाहतं, गार आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, ओणवं न होता पिता येतं. पहिल्या दिवशी ह्यांनी नळ बंद करायला चावी शोधली. कळसा भरून होईस्तोवर नळ जाणाऱ्या घरातला माणूस, काय करणार!

खाण्याचं: साध्या सुक्या स्पॅगेटीत सहसा अंडं नसतं, ताज्या फेतुचिनेत असतं. पिझ्झा मरिनारा मागा. नाव समुद्राचं असलं तरी त्यात मासा नाही आणि चीझही नाही, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो. चीझचं काटेकोर पाळत असाल तर जपा, पेकोरिनो चीझमध्ये सहसा कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य असतं. दुकानात पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात, बटाट्याचा मिळाला तर सोडू नका. चिवडा, मेतकूट, भाजणी न्या. पेढे आणि तूप नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडे आणू देत नाहीत. माझं किलोभर तूप विमानतळावर गेलं, त्याबद्दल बोलायलाच नको.

देवळाली_कॅम्प
काका, व्हिसाला उशीर करू नका. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही मुंबईला जावं लागेल. पहाटे समृद्धीने निघालात तर संध्याकाळी घरी. फी माणशी ९० युरो, केंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे तीन महिने चालणारा पाहिजे. पेन्शन खात्याचं स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह घ्या, मोबाइलवरून छापलेलं माझं परत पाठवलं होतं. आणि मार्चमध्ये जाताय तर ईस्टर कधी येतोय ते आधी बघा. तो आठवडा टाळा, खोल्या महागतात.

सातपूरकर_निवृत्त
सगळ्यांचे आभार. हिला दाढीवाल्या गंगेचं मोठ्याने वाचून दाखवलं. आधी खूप हसली, मग म्हणाली, "तरी ओटी भरायचीच, मनातल्या मनात." ताई, एक विचारू? हिला सेंट पीटर्सच्या घुमटावर चढायचंय. माझा गुडघा काय म्हणेल?

गंगापूर_रोडवाली
लिफ्टने गेलात तरी पुढे ३२० पायऱ्या उरतात, पायीच गेलात तर ५५१. वर भिंतही कलती होते, माणूस तिरका चालतो. वहिनींना पाठवा, तुम्ही खाली थांबा. आत शिरताच उजवीकडे मायकेलअँजेलोचा पिएता हा पुतळा आहे, काचेमागे. तो बघत उभे राहा, अर्धा तास सहज जाईल. बुधवारी सकाळी मात्र जाऊ नका, पोपची सभा असते. आणि दोघांचेही खांदे-गुडघे झाकलेले हवेत. तुमचा गुडघा तेवढ्यासाठी तरी उपयोगी पडेल, नीकॅप लावाच.

सातपूरकर_निवृत्त
खोलीवाल्याला आत्ताच मेल केला. पहिला प्रश्न लिफ्टचा.