अनुभव धागा : डिझेल पिकअप नवी घेतलीत की जुनी, आणि ती कशी निघाली?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आजवर माल भाड्याच्या गाडीनं जायचा. दिवाळीच्या तोंडावर नेमकी गाडी मिळत नाही, गाठी दारात पडून राहतात आणि व्यापाऱ्याचे फोन सुरू होतात. मागच्या वर्षी दोन ऑर्डरी त्यातच हातच्या गेल्या. यंदा स्वतःची पिकअप घ्यायचीच. पप्पा म्हणतात जुनी बघ, हप्त्याचं ओझं नको. भाऊ म्हणतो नवीच घे, गॅरेजच्या फेऱ्या नकोत. मला दोघांचंही पटतं, तिथंच अडलंय.

शोरूममधलं पत्रक मी वाचलंय. मला तुमच्या गाडीवर काय घडलं ते हवंय. काय भरत होता, कुठल्या रस्त्यावर, काय बिघडलं, आणि आज पुन्हा घ्यायची झाली तर आधी काय बघाल? सविस्तर लिहा, मी प्रत्येक शब्द वाचणार आहे.

मोहोळकडचा कांदेवाला

ताई, माझी पहिली पिकअप जुनी होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. संध्याकाळी बघायला गेलो. मालकानं गाडी आधीच चालू करून ठेवलेली. एका सेल्फात उठली, आवाज गोड, नवा रंग, नवं सीट कव्हर. मी इसार देऊन आलो. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारतोय, मारतोय, बॅटरी बसायची वेळ आली. उठली तेव्हा अंगणभर पांढरा धूर. घरच्यांच्या तोंडाकडं बघवेना.

पुढं महिनाभरात खरं दुखणं कळलं. हौद्याखाली चॅसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) वर, वेल्डिंगच्या दोन पट्ट्या होत्या. वर काळा रंग मारलेला. नखानं खरवडला तर पोपडा निघाला आणि खाली गंज. पाटेही दोन-दोन जादा टाकलेले. आता कांद्याची गोणी साधारण पन्नास किलोची. 1.3 टन माल पेलणाऱ्या गाडीत 26 गोण्या बसल्या की झालं गणित. ही गाडी 45-50 गोण्या ओढत आलेली. मीटर फक्त 80 हजार दाखवत होतं, पण क्लच पेडलचं रबर पार गुळगुळीत. ते त्याच संध्याकाळी बघितलं असतं तर इसार वाचला असता.

दुसरी नवी बोलेरो पिकअप घेतली. कारण एकच, आमच्याकडं कुठल्याही गावात तिला हात लावणारा मिस्त्री सापडतो. रात्री दोन वाजता माल भरलेला असताना त्याचीच किंमत असते. भरल्या गाडीला मला 11-12 चं ॲव्हरेज मिळतं. पत्रकातला आकडा विसरा.

जुना पुणे नाक्याजवळचा मिस्त्री

26 वर्षं डिझेल गाड्यांवरच काम करतोय. लोक गाडी घेऊन झाल्यावर दाखवायला आणतात, हेच दुःख आहे. घ्यायच्या आधी आणा, पाचशे रुपये घ्या म्हणावं मिस्त्रीला, पण आणा.

मी काय करतो ते सांगतो. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना जायचं. बॉनेटवर हात ठेवायचा, गार पाहिजे. रेडिएटरचं झाकण उघडायचं, गार असतानाच, गरम असताना चुकूनही नाही. आपल्याकडं ड्रायव्हर बोअरचं पाणी ओततात. आत पांढरा क्षार दिसला किंवा पाणी तांबूस असलं तर ओळखायचं की कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कधी घातलंच नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ती गाडी भरून तुळजापूरच्या घाटात तापमानाचा काटा वर नेणार म्हणजे नेणार. ऑईलच्या झाकणाखाली चहासारखा फेस दिसला तर पाणी ऑईलमध्ये गेलंय, तिथूनच परत फिरा.

मग गाडी उठवायची. चालू इंजिनवर ऑईल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवायचं. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडत असेल आणि आतून धुराचे भपके येत असतील तर इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात. सायलेन्सरचा धूर निळसर म्हणजे ऑईल जळतंय. रेस दिल्यावर काळा लोट म्हणजे नोझल (डिझेल फवारणारं), टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा) किंवा नुसता चोंदलेला एअर फिल्टर. शेवटचं असेल तर खर्च किरकोळ, म्हणून काळ्या धुराला लगेच घाबरू नका.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. इंजिन ओरडतंय पण गाडी पुढं सरकत नाही, तर क्लच प्लेट संपली. गिअर टाकून सोडताना खालून टक् आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (जोड) गेलाय. हे दोन्ही खर्च भाव करताना सांगून कमी करून घ्या, त्यासाठी गाडी सोडू नका. चॅसी वेल्डिंगची असेल तर मात्र फुकट दिली तरी नको.

नवी घेणाऱ्यांना एकच सांगतो, पहिली दोन-तीन वर्षं ऑईल वेळेवर बदला. पुढची दहा वर्षं त्यावरच ठरतात.

नान्नजचा द्राक्षवाला

नवी घ्या. द्राक्षाची तोड सुरू झाली की एक दिवस गाडी उभी राहिली तर मणी गळतात. हंगाम मोजून दोन-अडीच महिने, त्यात गॅरेज परवडत नाही. बाकी वर्षभर भाड्यानं लावतो, हप्ता निघतो.

साखर पेठेतून डिलिव्हरी करणारा

ताई, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं. एप्रिल 2020 नंतरच्या सगळ्या नव्या गाड्या बीएस सहा, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या. डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी. ती काजळी अधूनमधून जळून जावी लागते, आणि त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो. माझी गाडी साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक एवढ्यातच फिरायची. दोन किलोमीटर चालव, बंद कर, माल उतरव, पुन्हा चालव. आठव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळी लाईट लागली. मी तसाच चालवत राहिलो. चार दिवसांनी गाडीची ओढच संपली, गाडी चाळिसाच्या वर जाईना.

गॅरेजवाल्यानं डिपस्टिक काढून माझ्या नाकाजवळ धरली. ऑईलला डिझेलचा वास, आणि लेव्हल खुणेच्या वर. काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, ते काम अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं ऑईलमध्ये उतरतं, असं त्यानं समजावलं. त्या दिवसापासून दर आठवड्याला हैदराबाद रोडला गाडी काढतो, एका लयीत अर्धा तास चालवतो आणि परत येतो. लाईट पुन्हा लागली नाही. तुमचा माल शहरातल्या शहरात जाणार असेल तर हे धरूनच चाला. रोजचा फेरा तेवढाच असेल तर सीएनजी बघितलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत.

बार्शीहून, घरची गाडी सांभाळणारी

मिस्टर गेल्यावर गाडी विकायची नाही असं ठरवलं आणि ड्रायव्हर ठेवून चालवली. ती जुनी झाल्यावर दुसरी घेतली तीही जुनीच, पण कागदांवर मी कुणाचं ऐकलं नाही. तेवढंच लिहिते.

आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) फायनान्सचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद असेल तर "भरलंय सगळं, एनओसी पुढच्या आठवड्यात" हे वाक्य मान्य करायचं नाही. एनओसी (कर्ज फिटल्याचं फायनान्सवाल्याचं पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात, मगच बाकीचे पैसे. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. सह्या घेतल्या आणि कागद कपाटात ठेवले, असं करणारे आमच्याकडं खूप. गाडी एकाची, नाव दुसऱ्याचं, आणि अपघात झाला की कोर्टाची नोटीस तिसऱ्याच्या दारात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा, फिटनेस, बोजा दिसतो. ई-चलनंही तपासा. मी घेतलेल्या गाडीवर नऊ चलनं होती, ती मालकाकडूनच भरून घेतली.

फिटनेसची तारीखही बघा. आठ वर्षांपर्यंत पासिंग (फिटनेसची तपासणी) दोन-दोन वर्षांनी, त्यापुढं दरवर्षी. पासिंगला आलेली गाडी लोक घाईनं विकतात. का विकताय, एवढं विचारा आणि गप्प बसा. माणूस आपोआप बोलतो.

टेंभुर्णी-वाशी, केळी

गाडी कुठली हे भारावर ठरतं. आमची केळी रात्री निघून पहाटे वाशीला पोचावी लागतात. खंडाळ्यात चढ-उतार दोन्ही. मी 1.3 टनाची काढून टाटा योधा घेतली, 2022 साली दोन टनवाली आली तेव्हा. ज्याचा माल टनाच्या आत, त्याला टाटाची इंट्रा किंवा अशोक लेलँडची दोस्त पुरते. माझ्या मेव्हण्याची दोस्त 2013 ची, दुधाच्या कॅनवर अजून चालू आहे, कारण त्यानं तिच्यात कधी जास्ती भरलं नाही.

ओव्हरलोड पकडला तर दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वेगळे, आणि जादा माल उतरवावा लागतो तो वेगळाच. रात्री रस्त्याकडेला केळी उतरवून बघा एकदा.

टायरचं सांगायचं राहिलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीत नक्षी भरपूर दिसते पण टायर सहा-सात वर्षांचा निघतो. मे महिन्यात सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या पुढं माझा मागचा टायर असाच फुटला. केळी वाचली, मीही वाचलो. त्यानंतर टायर आधी वाचतो, मग गाडी.

मंगळवेढ्याचा वकील मित्र

दोन छोट्या गोष्टी. गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकट, तीन हजार किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. मोठा हौदा घेताना आरसीवरचा हा आकडा बघा. दुसरं, ड्रायव्हरकडं साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स असलं तरी साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलंय. विम्याचा क्लेम याच मुद्द्यावर अडवला जायचा.

होटगी रोड

माझं वेगळं मत. महिन्यात दहा-बारा दिवसच गाडी लागत असेल तर घेऊ नका. ड्रायव्हरचा पगार, विमा, टायर, हप्ता हे सगळं उभ्या गाडीलाही लागतं. एखाद्या भाडेवाल्याशी वर्षाची बोली करा, हंगामात तुमचा माल आधी.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून वाचलं. होटगी रोडवाले दादा, तुमचं वाचून मागच्या वर्षीच्या भाड्याच्या पावत्या काढल्या. महिन्याला सरासरी 19 फेऱ्या निघाल्या, म्हणून गाडी घ्यायचीच.

काल आमची एक गाठ वजनकाट्यावर नेऊन टाकली, 68 किलो भरली. 16 गाठी म्हणजे अकराशेच्या आत, पण जागा भरपूर खातात. म्हणजे आम्हाला टन नाही, हौद्याची लांबी हवी. हे इतक्या वर्षांत आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शहरात निम्म्या फेऱ्या, बाकीच्या पुण्याला आणि हैदराबादला, त्यामुळं डीपीएफला लांबचा रस्ता मिळेल असं वाटतं.

कुमठा नाक्याजवळ दहा फुटी हौद्याची 2021 ची एक गाडी कळलीय, एकाच मालकाची, बेकरीच्या मालावर चाललेली. मालकाला फोन करून सांगितलंय, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पुणे नाक्याच्या मिस्त्रीकाकांनी इंजिनाचे दोष दाखवणारा स्कॅनर घेऊन यायचं कबूल केलंय. उद्या सकाळी सहाला पप्पा, मी आणि काका निघतोय. टॉर्च मी पिशवीत ठेवलाय, चॅसीखाली वाकून बघायला.