सरपंचपतीचा मुद्दा खरा, पण अपुरा
राखीव जागेवर निवडून आलेल्या महिला सरपंच नावापुरत्याच असतात आणि कारभार त्यांचे पतीच पाहतात, असा आक्षेप महिला आरक्षणावर घेतला जातो, आणि तो अनेक गावांत खरा आहे. तरीही त्यावरून आरक्षण निरर्थक ठरत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या संशोधकांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील ग्रामपंचायतींचा अभ्यास केला, तेव्हा प्रमुखपद महिलांसाठी राखीव असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर अधिक खर्च झाल्याचे आढळले. पाण्याच्या तक्रारी तेथे प्रामुख्याने स्त्रियाच मांडत होत्या, आणि घरचे पाणी कोण भरते हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही.

महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांतील हे आरक्षण वाढवून निम्म्या जागांपर्यंत नेले. जेथे आरक्षण नाही, त्या विधानसभेत मात्र २०२४ मध्ये २८८ पैकी अवघ्या २१ महिला निवडून आल्या, ही मला अत्यंत खेदाची बाब वाटते. २०२३ च्या घटनादुरुस्तीने तेथेही एक तृतीयांश जागा राखीव करण्याचे ठरवले, परंतु अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली. तोवर पक्षांनी स्वतःहून महिलांना उमेदवारी द्यावी, यात कोणता कायदा आड येतो?