हिकारी पूल ५० केला तरी कनेक्शन मिळत नाही. १०० करावा का?

प्रश्न
आमची बिलिंग प्रणाली स्प्रिंग बूट (जावाचे फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर चालते. महिनाअखेरीस गर्दी वाढली की तीस सेकंद वाट पाहूनही कनेक्शन मिळाले नाही, अशी एरर हिकारी पूलकडून, म्हणजे डेटाबेसची तयार कनेक्शन सांभाळून वाटणाऱ्या लायब्ररीकडून येते. त्याच वेळी डेटाबेस सर्व्हरचा सीपीयू मात्र जवळजवळ मोकळा असतो. मूळचा १० कनेक्शनचा पूल ५० केला, तरी फरक पडला नाही. एकाच ट्रान्झॅक्शनल मेथडमध्ये (जिच्यातले डेटाबेसचे सगळे बदल एकत्र पक्के होतात किंवा एकत्र रद्द होतात) आम्ही बिलाची नोंद करतो, पेमेंट गेटवेला कॉल करतो आणि आलेल्या उत्तराप्रमाणे बिलाची स्थिती बदलतो.

उत्तर १
१०० करू नका. पोस्टग्रेसची मूळ मर्यादाच १०० कनेक्शनची आहे, त्यातली काही सुपरयूझरसाठी (डेटाबेसच्या मुख्य प्रशासकासाठी) राखीव असतात, आणि प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते. सीपीयू मोकळा असणे हीच खूण आहे: गेटवेचे उत्तर येईपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडे राहते आणि कनेक्शन काही न करता अडकून पडते. चालू सेशन्स दाखवणारा पोस्टग्रेसचा पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी व्ह्यू पाहा, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडे, पण काम थांबलेले) स्थितीतली सेशन्स दिसतील. बिल ‘प्रलंबित’ म्हणून नोंदवून कमिट (बदल पक्का) करा, गेटवेचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर करा आणि निकाल दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. मध्येच प्रणाली बंद पडली तर प्रलंबित बिलांची गेटवेकडे चौकशी करणारा जॉब लागेल, पण तो तुम्हाला आजही हवाच आहे, कारण रोलबॅकने, म्हणजे डेटाबेसमधले बदल रद्द केल्याने, ग्राहकाचे कापलेले पैसे परत येत नाहीत.

प्रश्नकर्ता
मेथडचे तीन भाग केले, तरी कनेक्शन कॉल संपेपर्यंत अडकूनच राहते.

उत्तर २
दोन गोष्टी तपासा. तिन्ही भाग एकाच क्लासमध्ये असून मूळ मेथडवरचे ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन (कोडमधली खूण) तसेच राहिले असेल, तर सगळे जुन्याच ट्रान्झॅक्शनमध्ये चालते. ते काढले तरी त्याच क्लासमधून केलेला कॉल स्प्रिंगच्या प्रॉक्सीतून (ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या मधल्या आवरणातून) जात नाही, म्हणून आतल्या मेथडवरच्या ॲनोटेशनचा उपयोग होत नाही. लिहिणारे भाग वेगळ्या बीनमध्ये (स्प्रिंग सांभाळत असलेल्या वेगळ्या क्लासमध्ये) न्या. दुसरे म्हणजे, जेपीए (डेटाबेस हाताळण्याची जावाची प्रमाणित पद्धत) वापरत असाल तर स्प्रिंग बूटचे ‘ओपन-इन-व्ह्यू’ सेटिंग मुळातच चालू असते, आणि त्यामुळे एकदा घेतलेले कनेक्शन कमिट झाल्यावरही वेब रिक्वेस्ट संपेपर्यंत सुटत नाही. ते बंद करा. लेझी लोडिंगच्या (डेटा लागेल तेव्हाच आणण्याच्या) काही एरर्स वर येतील, त्या सोसाव्या लागतील.

उत्तर ३
ऑडिटच्या नोंदीसाठी ‘रिक्वायर्स न्यू’ (चालू ट्रान्झॅक्शन थांबवून नवे उघडणारे सेटिंग) वापरले असेल तर तेही पाहावे. तिथे एकच थ्रेड पहिले कनेक्शन धरून दुसरे मागतो. समजा पूल दहाचा आहे आणि दहा थ्रेडनी दहाही कनेक्शन उचलली, तर प्रत्येक जण अकराव्याची वाट पाहत बसतो.