१९८२ची ३०० डी: एसीचा गॅस दोनदा भरला, दोनदा गेला. आता कुठून उघडायला घेऊ?

तीनशेडी

नमस्कार मंडळी. बाबांची मर्सिडीज ३०० डी आहे, डब्ल्यू १२३ या मॉडेल-मालिकेतली, १९८२ची. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं गेल्या दोन वर्षांत मार्गी लावलं. एसी तेवढा राहिलाय. बाबा ७४ वर्षांचे आहेत, गाडी अजून स्वतः चालवतात, पण उन्हाळ्यात दुपारची काढत नाहीत. त्यांना ती दुपारी काढता यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

एसी दहा-बारा वर्षं बंदच होता. मूळ गॅस आर-१२. मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये आर-१३४ए भरून दिला. काहीही बदललं नाही, जुन्याच तेलावर नवा गॅस. सहा आठवड्यांत नुसती पंख्याची हवा. पुन्हा भरला, तो तीन आठवडे टिकला. आता म्हणतात, सगळं काढून टाका, डॅशखाली नवं युनिट लटकवतो. मला ते नकोय. मधले व्हेंट, ती बटणं, ब्लोअरचा तो आवाज, सगळं लहानपणापासूनचं आहे.

मूळ कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) ठेवून १३४एवर बऱ्यापैकी कूलिंग पडतं का? आणि सुरुवात कुठून करू? एक गोष्ट दिसली ती सांगते: कॉम्प्रेसरच्या पुढच्या तोंडाशी तेलकट काळा थर आहे, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला, बरोबर त्याच्या वर, तेलाच्या शिंतोड्यांची एक सरळ रेघ उमटली आहे.

पाना_दहाबारा

ताई, ती रेघ पुसू नका, आधी फोटो काढून ठेवा. तुमचं अर्धं निदान त्या रेघेतच आहे. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील गळायला लागलं की गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. ते पुढच्या क्लचवर पडतं आणि क्लच फिरताना ते गोल भिरकावून देतो. म्हणून बॉनेटला रेघ उमटते, डाग पडत नाही. सांध्यातून गळत असतं तर एका जागी धूळ चिकटलेला ओला डाग दिसला असता.

सील का गेलं, तेही सांगतो. बंद गाडीत तेल खाली उतरून बसतं आणि सीलचं तोंड कोरडं पडतं. बारा वर्षं ते तसंच होतं. म्हणून मी माझी २४० डी थंडीच्या दिवसांतही पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावून फिरवतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कूलिंग पडतं. मी पाच वर्षं तसाच फिरतोय. पण नुसता गॅस बदलून नाही. आर-१२बरोबर खनिज तेल असायचं. ते १३४एमध्ये मिसळत नाही. गॅस पुढे निघून जातो, तेल मागे इव्हॅपोरेटरच्या (डॅशमधल्या, हवा गार करणाऱ्या जाळीच्या) तळाशी साचतं, आणि कॉम्प्रेसर तेलाविना घासत राहतो. तुमच्या गॅरेजवाल्यांनी नेमकं हेच केलंय, म्हणून पुन्हा भरायच्या आधी कॉम्प्रेसर काढा आणि तेल ओतून बघा. स्वच्छ, फिकट तेल आलं तर नवीन सील आणि ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी कड्या) टाकून तोच कॉम्प्रेसर चालेल. काळं आलं आणि बोटांत चोळल्यावर चांदीसारखी चमक दिसली, तर आतून झिजलाय. मग तो आणि त्याच्या पुढचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) दोन्ही बदलायला लागतील, कारण ती भुकटी पाइपांतून पुढे गेलेली असते.

ओ-रिंग एकूण एक बदला. हिरव्या रंगाच्या एचएनबीआर रबराच्या घ्या, नव्या तेलात बुडवून बसवा. पाइप सोडवताना कायम दोन पाने वापरा, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. ॲल्युमिनियमचा पाइप पिळला गेला की तो गेलाच. रबरी होजही नवे करा, आतून नायलॉनचा थर असलेले. १३४एचा रेणू आर-१२पेक्षा लहान, जुन्या रबरातून तो पाझरत राहतो. तुमच्या सहा आठवड्यांतला काही भाग तिथूनही गेला असणार.

ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषणारा डबा) नवीनच हवा आणि तो सगळ्यात शेवटी बसवा. माझा जुना ड्रायर मी कापून पाहिला होता. आतले दाणे फुटून त्यांचा ओला चहाच्या गाळासारखा चिखल झाला होता, आणि तोच चिखल एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (गॅसचा दाब एकदम उतरवणाऱ्या झडपेच्या) जाळीवर थापलेला. ते व्हॉल्व्हचं भोक इतकं बारीक असतं की एक कण अडकला तरी पुरे. नवा ड्रायरही टोप्या काढून तासभर उघडा ठेवलात तर हवेतलं पाणी पिऊन बसतो. बाकी सगळे सांधे आवळून झाले, पंप जोडून तयार आहे, मगच त्याच्या टोप्या काढायच्या.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. एवढं सगळं करूनही माझ्या व्हेंटला १७ अंशांच्या खाली हवा येईना. गेज बरोबर, गॅस बरोबर, पाइप हाताला बर्फासारखा गार. दोन महिने मी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या मागे लागलो होतो. शेवटी एका रविवारी हीटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या होजला हात लागला आणि चटका बसला. हीटर पूर्ण बंद होता! हीटरचं पाणी बंद करणाऱ्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटलेला, त्यामुळे इंजिनचं ८०-९० अंशांचं पाणी हीटरच्या जाळीतून फिरतच होतं. इव्हॅपोरेटर हवा गार करायचा, आणि पुढे हीटर तीच हवा पुन्हा तापवायचा. होजला कापड गुंडाळून चिमट्याने दाबलं, दहा मिनिटांत १७चे ९ अंश झाले. तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक असेल तर लक्षात ठेवा, त्याला करंट मिळत नसला की तो उघडाच राहतो. तेव्हा एक रुपया खर्च करायच्या आधी हीटर बंद करून ती होज हाताने तपासा.

आणि डॅश उघडलातच तर इव्हॅपोरेटरचा वरचा चेहरा बघा. माझ्याकडे चाळीस वर्षांच्या धुळीचा आणि पानांच्या चुऱ्याचा नमद्यासारखा थर होता, एका बाजूने उचलला तर अख्खा निघून आला. झडपांच्या कडांचा स्पंजही बोट लावताच भुगा होत होता. तो नवा लावला नाही तर गार हवा अर्धी डॅशच्या आतच मुरते.

शीतयंत्र

वर सगळं बरोबर लिहिलंय. मी रेफ्रिजरेशनचं काम करतो, म्हणून लीकेज आणि व्हॅक्यूमबद्दल थोडं.

पंपाने हवा ओढून केलेला व्हॅक्यूम टिकला म्हणजे लीकेज नाही, असं समजू नका. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त एका वातावरणाचा दाब असतो, आणि तोही ओ-रिंगला जागेवर बसवणारा. गाडी चालताना हाय साइडला (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला) आतून बाहेर १५ बार किंवा जास्त ढकलत असतं. म्हणून आधी कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून साधारण १० बारपर्यंत भरा, रात्रभर सोडा, सकाळी गेज बघा. रात्रीतून तापमान बदललं तर काटा थोडा हलणारच, तेवढं धरून चाला. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. कॉम्प्रेसरचा क्लच हाताने फिरवून शाफ्टपाशी पुन्हा लावा, काही सीलं एकाच जागी गळतात. यासाठी कॉम्प्रेस्ड हवा नको, आणि ऑक्सिजन तर कधीच नको. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम. पंप लावण्यामागचा हेतू पाणी उकळवणं हा आहे. २५ अंशांना पाणी उकळायला दाब सुमारे २४ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली न्यावा लागतो, आणि तेलात मुरलेलं पाणी त्याहून चिवट. मी ५०० मायक्रॉनपर्यंत नेतो, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पंप बंद केल्यावर आकडा वर चढून मध्येच थांबला तर आत पाणी आहे. चढतच राहिला तर भोक आहे.

गॅस वजनकाट्यावर भरा. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१२चं जे वजन असेल त्याच्या साधारण ८० टक्के. १ किलो लिहिलं असेल तर ८०० ग्रॅम. आर-१२मध्ये गॅस बघायच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरायची पद्धत होती. १३४एला तसं केलंत तर जास्त भरला जाईल आणि हाय साइड उगाच चढेल.

तेल एस्टर घ्या. पीएजी हे दुसरं तेलही चांगलंच, पण जुन्या आर-१२च्या क्लोरीनचे अवशेष राहिले तर त्याला सोसत नाहीत, आणि ते पाणीही भराभर ओढतं.

एचसी_समर्थक

एवढा व्याप कशाला? हायड्रोकार्बनचा मिश्र गॅस मिळतो, प्रोपेन-आयसोब्युटेनचा. जुन्या खनिज तेलावर चालतो, होज बदलायला नकोत, कूलिंग आर-१२च्या तोडीचं.

शीतयंत्र

कूलिंगबद्दल तुमचं खरं आहे, तेलाबद्दलही. पण ताईंच्या गाडीचा इव्हॅपोरेटर डॅशच्या आत आहे. तो गळला तर गॅस थेट बसायच्या जागेत येतो, आणि तो जळणारा आहे. घरच्या फ्रिजमध्ये हाच प्रकारचा गॅस काही ग्रॅम असतो आणि यंत्रणा त्यासाठीच बनवलेली असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या सांध्यांवर, आत माणसं बसलेली असताना, मी तो भरणार नाही. ७४ वर्षांच्या माणसाच्या गाडीत तर नाहीच.

कुणी लीकेज बंद करणारं रसायन सुचवलं तर तेही नको. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बसतं आणि पुढे गॅस काढायच्या मशीनलाही बाधतं.

पाना_दहाबारा

सहमत. अजून एक, आत कुठे मूळ आर-१२ शिल्लक असलेली गाडी कुणाकडे असेल तर तो हवेत सोडू नका, मशीनने काढून घ्या. ओझोनच्या थरासाठी १९८७ साली माँट्रियलचा करार झाला तो याच वायूंसाठी. शिवाय एक किलो आर-१२ हवेत गेला तर तो १० टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

तीनशेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा आठवड्यांनी परत येतेय, काम पूर्ण झालं म्हणून.

काका, तुमचं ऐकून सगळ्यात आधी हीटरची होज धरली. चटका बसला! व्हॉल्व्ह उघडला तर रबरी पडद्याला नखाएवढी चीर होती. तो बदलला तेव्हा एसी सुरूही नव्हता, तरी पायाशी येणारी गरम हवा थांबली. बाबा म्हणाले, ती ऊब त्यांना वर्षानुवर्षं इंजिनचीच वाटत होती.

कॉम्प्रेसरमधून तेल फार थोडं आलं, चमक नव्हती. नवीन सील घालून तोच बसवला. होज नवे, ओ-रिंग नव्या, ड्रायर सगळ्यात शेवटी. कंडेन्सर मी नवा, पॅरलल फ्लोचा (समांतर नळ्यांचा) घेतला, कारण जुन्याच्या पत्र्या दाबाच्या पाण्याने कधीतरी आडव्या झाल्या होत्या. नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला तेव्हा एक लीक सापडला, माझ्याच हातचा: सर्व्हिस पोर्टची सुई पूर्ण बसवली नव्हती. दुसऱ्या रात्री काटा जागचा हलला नाही.

काल दुपारी बाहेर ३८ अंश होते. रस्त्यावर मधल्या व्हेंटला ८ अंश. लो साइड (कमी दाबाची बाजू) २ बारच्या जरा वर. बाबांनी पहिली दहा मिनिटं काच खाली करायच्या दांड्यावर हात ठेवला होता, सवयीने. मग तो हात आपोआप मांडीवर आला.

एकच अडचण उरलीय. सिग्नलला थांबलं की व्हेंट १५वर जातो आणि हाय साइड १९ बारला टेकते. निघालं की पुन्हा खाली.

शीतयंत्र

तेव्हा कंडेन्सरला हवा कमी पडतेय. १३४ए त्याच तापमानाला आर-१२पेक्षा जास्त दाब घेतो. कंडेन्सरमध्ये ६० अंश असतील तर आर-१२ साधारण १५ बार, १३४ए १७ बार. म्हणून उभ्या गाडीत आधी हेच उघडं पडतं. खात्री करायची तर गाडी उभी ठेवून कंडेन्सरवर तांब्याभर पाणी ओता. काटा झपकन उतरला तर गॅसला हात लावू नका, पंख्याकडे जा.

पाना_दहाबारा

पुढचा इलेक्ट्रिक पंखा फिरतोय का ते बघा. ड्रायर बदलताना त्याच्यावरच्या स्विचांच्या वायरी काढल्या असतील, त्या परत बसल्यात का? आणि त्याच्याही आधी फ्यूज. या गाडीत गोळीच्या आकाराचे फ्यूज असतात, त्यांची टोकं काळी पडतात आणि वरून अख्खा दिसणारा फ्यूज करंट सोडत नाही. पंख्याचा फ्यूज बोटांनी जागच्या जागी दोन-तीनदा फिरवा आणि मग कॉम्प्रेसर लावून बघा.

तीनशेडी

फ्यूजच होता. फिरवल्याबरोबर पंखा लागला. उभ्या गाडीत १६ बार, व्हेंटला ११. नवे फ्यूज उद्या आणते, सगळेच बदलून टाकते.